सेलो घेण्याआधी शिक्षक शोधा

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मी अंगणवाडी सेविका आहे, घरी थोडं वावर आहे. माझी मुलगी चौथीत आहे, वय ९, उंची ४ फूट २ इंच. गेल्या वर्षी तिने मोबाइलवर सिनेमाच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात एक बाई खुर्चीवर बसून, मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य गुडघ्यांमध्ये धरून वाजवत होती. तेव्हापासून पोरीने तेच धरून ठेवलंय. त्याला सेलो म्हणतात हे आम्हाला शोधून काढावं लागलं. तिचे बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. पोरीला सूर कळतो असं ते म्हणतात. औंदा कापूस विकला की सेलो घ्यायचाच असं त्यांच्या मनात आहे. ऑनलाइन एक पसंतही केलाय, मोठ्यांचा, म्हणजे पुढेही चालेल. पण तालुक्यात शिकवणारं कोणी नाही. मोबाइलवर पाहून शिकता येईल का? आधी कीबोर्ड किंवा व्हायोलिन शिकवायचं का? आमच्या उन्हाळ्यात असं वाद्य टिकेल का? ह्यांनाही शिकायचंय, वय ४१. दोघांना एकच सेलो चालेल का? आणि लोक म्हणतात, खेड्यात हे कशाला. काय करावं?

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमची लेक सेलो शिकू शकते आणि ९ हे त्यासाठी उत्तम वय आहे. परदेशात चार-पाच वर्षांची मुलं सुरुवात करतात हे खरं, पण त्यामुळे तुमच्या मुलीला उशीर झाला असं समजू नका. पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) हे विसाव्या शतकातले थोर सेलोवादक. स्पेनच्या कातालोनिया भागातल्या एल वेंद्रेल नावाच्या लहान गावात ते वाढले. वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. लहानपणी कासाल्सकडे भोपळ्यापासून केलेलं एक साधं तारेचं वाद्य होतं आणि खरा सेलो त्यांनी ऐकला तो वयाच्या ११व्या वर्षी. घरात सूर होता, गावात सेलो नव्हता. तुमच्या घरची स्थिती याहून फार वेगळी नाही. वर्षभर मूल एकाच वाद्याचं नाव घेतंय, याला मी फार किंमत देते.

पण तिच्या बाबांनी पसंत केलेला सेलो घेऊ नका. औंदाचा कापूस विकला तरी लगेच घेऊ नका. आधी शिक्षक ठरवा आणि मग त्यांनी सांगितलेल्या मापाचा, शक्यतो त्यांनीच पाहून दिलेला सेलो आणा. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. वाद्य येतं, चार दिवस कौतुक होतं, त्यातून नुसता खरखराट निघतो, मूल हिरमुसतं आणि सेलो कपाटामागे जाऊन उभा राहतो. दोष मुलाचा नसतो. वाद्य मापाचं नसतं, त्याची घोडी (तारा ज्यावर टेकतात तो उभा लाकडी तुकडा) नीट बसवलेली नसते, आणि गज (तारांवर घासायची केसांची काठी) कसा धरायचा हे हात धरून कोणी दाखवलेलं नसतं.

मोबाइलवरच्या व्हिडिओंचा उपयोग आहे, पण ते तुमच्या मुलीला पाहू शकत नाहीत. उजवा अंगठा ताठ झालाय, डावा खांदा वर चढलाय, गज घोडीशी समांतर न जाता बोटं ठेवायच्या पट्टीवर घसरतोय, हे समोर बसलेल्या माणसालाच दिसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हाताला जी सवय लागते ती पुढे वर्षानुवर्षं सोबत राहते. वाईट सवय सोडवायला ती लावण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. म्हणून सुरुवातीचा काही भाग तरी प्रत्यक्ष भेटून शिकायला हवा. त्यानंतर आठवड्याचा ऑनलाइन वर्ग आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा भेट, अशी घडी बसवता येते.

हिंगणघाट रेल्वेवर आहे, नागपूर एका दिवसात जाऊन-येऊन होतं, ही तुमची मोठी सोय. नागपुरात चौकशी करताना नुसतं ‘सेलो शिकवता का’ असं विचारून थांबू नका. पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकवणाऱ्यांना विचारा, चर्चमध्ये वाद्यवृंद असेल तिथे विचारा, मोठ्या शाळांच्या संगीत शिक्षकांना विचारा. सेलो वाजवणारी माणसं थोडी असतात, पण व्हायोलिनवाले त्यांना ओळखून असतात. एक जपा : व्हायोलिनच्या शिक्षकांनी ‘मीच शिकवतो, सारखंच आहे’ म्हटलं तर सेलोवर त्यांचा स्वतःचा हात कितपत बसला आहे ते मोकळेपणाने विचारा. दोन्ही वाद्यांचा गज वेगळा धरतात, बसणं वेगळं, आणि डाव्या हाताच्या बोटांमधलं अंतरही वेगळं.

नागपुरात जमलं नाही तर मुंबई-पुण्याकडे पाहा. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. तिथे तंतुवाद्यांचं शिक्षणही चालतं. गोव्याची कला अकादमी आणि चेन्नईचं के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी ही पाश्चात्त्य संगीत शिकवणारी आणखी काही ठिकाणं. तिथे प्रवेश घ्या असं मी म्हणत नाही. तिथे फोन करून ‘लहान मुलांना ऑनलाइन सेलो शिकवणारे कोणी सुचवाल का’ एवढं विचारता येतं. पुण्या-मुंबईला कोणी नातेवाईक असतील तर दिवाळीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस तिकडे राहून सलग धडे घ्या. सुरुवातीचे असे सलग दिवस नंतरच्या कित्येक ऑनलाइन वर्गांना पुरून उरतात.

ऑनलाइन वर्गाबद्दल दोन गोष्टी तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून इथेच सांगते. मोबाइलवरची बोलण्याची ॲप्स लांब सुराला गोंगाट समजतात आणि तो दाबून टाकतात. सेलोचा सूर लांब आणि खर्जाचा, त्यामुळे शिक्षकांना तो तुटक ऐकू जातो आणि ते उगाच मुलीची चूक शोधत बसतात. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे, ती चालू करून घ्या. दुसरं, मोबाइल हातात धरू नका. मुलीच्या समोर, थोडा तिच्या उजव्या बाजूला, छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा. गज, घोडी आणि डावा हात तिन्ही एका चौकटीत दिसले पाहिजेत. रेंज गेली तर तो दिवस वाया गेला असं मानू नका. दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा आणि रेंज आली की व्हॉट्सॲपवर शिक्षकांना पाठवा. पुष्कळदा असा व्हिडिओ थेट वर्गापेक्षा स्पष्ट दिसतो आणि शिक्षक तो थांबवून थांबवून पाहू शकतात.

आता मापाचं. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, सेलो तसा घेता येत नाही. मोठा सेलो धरला की मुलीचा डावा हात ताणतो, बोटं सुरापर्यंत पोचत नाहीत, पाठ वाकते आणि मनगट दुखायला लागतं. सेलो पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव, अष्टमांश अशा मापांत मिळतो. ही नावं फसवी आहेत; अर्धा सेलो लांबीला पूर्णच्या निम्मा नसतो. पूर्ण सेलोची पाठ साधारण ७५ सेंटिमीटर, तर अर्ध्याची ६५च्या आसपास. तुमच्या मुलीच्या उंचीला बहुधा अर्धाच लागेल. साडेचार फुटांच्या पुढे गेली की पाऊण, आणि पाच फूट झाली की पूर्ण. नुसत्या उंचीवरून शेवटचा निर्णय करू नका. हाताची आणि बोटांची लांबी शिक्षक पाहतील. खुर्चीवर बसवून दोन्ही पावलं जमिनीला टेकवायची. सेलोच्या अंगाची वरची कड छातीच्या मधल्या हाडाला हलकेच टेकली, खालच्या दोन बाजू गुडघ्यांच्या आत बसल्या, आणि मानेजवळची सर्वांत जाड तारेची खुंटी डाव्या कानाच्या मागे आली, की माप जुळलं.

म्हणजे दोन-तीन वर्षांत माप बदलणार. याच कारणाने अर्धा सेलो विकत घेण्याआधी भाड्याने किंवा वापरलेला मिळतो का हे पाहा. ज्या शिक्षकांकडे लहान मुलं शिकतात त्यांच्याकडे आधीच्या मुलांना अपुरे पडलेले सेलो पडून असतात, किंवा कोणाच्या घरी आहेत हे त्यांना माहीत असतं. कापसाच्या पैशाला वर्षभर हजार वाटा असतात हे मला ठाऊक आहे. नवा सेलो साधा घेतला तरी पाच आकडी रक्कम लागते, आणि त्यानंतर शिक्षकांची फी, येण्या-जाण्याचं भाडं, तारा हे सगळं उरतंच. वाद्यात सगळा पैसा घालून शिकवणीला काही न उरणं, यासारखं वाईट नियोजन नाही.

विकतच घ्यायचा झाला तर लाकडी थर दाबून केलेला, म्हणजे प्लायवूडसारखा, सेलो पहिल्या वाद्याला चालेल. अख्ख्या लाकडाचा सेलो जास्त गोड वाजतो. त्याची पुढची बाजू स्प्रूसची आणि मागची मेपलची असते. पण आपल्याकडच्या हवेत थरांचा सेलो जास्त सोसतो आणि तडकत नाही. तारा अडकवलेल्या खालच्या पट्टीवर चारही तारांना बारीक सूर लावायचे स्क्रू आहेत ना, ते बघा. लहान मुलांना आणि त्यांच्या आईबापांना खुंटीने सूर लावणं सुरुवातीला जमत नाही, तेव्हा हे स्क्रू नसतील तर रोज रडारड होते. तारा बोटांच्या पट्टीपासून फार उंच असतील तर दाबताना बोटं सोलवटतात. ती उंची घोडी घासून कमी करता येते, पण ते जाणकाराचंच काम.

ऑनलाइन मागवलेल्या सेलोची घोडी बहुतेक वेळा आडवी करून पाठवलेली असते आणि आतली आधाराची काठी कधी वाटेतच पडलेली असते. घोडी आणि आतली काठी दोन्ही डिंकाने चिकटवलेल्या नसतात, तारांच्या ताणावर उभ्या असतात. म्हणून चारही तारा एकदम कधी सैल करू नका, आणि तार बदलायची झाली तर एक काढून एक लावा. काठी पडली असेल तर तारा ओढूच नका, वरची फळी तडकू शकते. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन आधी बसवून घ्या. घरी ए तार एक जास्तीची ठेवा. सर्वांत बारीक तीच, तुटते तीच.

घरी बसण्याची जागा तयार करायला पैसे लागत नाहीत. आपल्या सगळ्यांच्या घरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागे कलत्या असतात आणि त्यांना हात असतात, त्या उपयोगाच्या नाहीत. सपाट बैठकीचा लाकडी स्टूल घ्या, इतक्या उंचीचा की मुलगी पुढच्या कडेला बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर राहतील. गावच्या सुताराकडून पाय कापून घेता येतील. सेलोच्या खालची टोकदार सळई फरशीवर सटकते. स्टूलच्या पुढच्या दोन पायांना जुना पट्टा बांधून त्याच्या मध्यभागी सळईचं टोक अडकवा. सेलो हलायचा नाही. सळई उघडी असताना लहान भावंडं, मांजर यांच्यापासून सांभाळा. वाजवून झालं की ती आत सरकवायची सवय मुलीलाच लावा.

गजाबद्दल एवढंच सांगते, कारण ते शिक्षकांचं काम : केसांना हात लावू द्यायचा नाही, बोटांचं तेल लागलं की राळ (गजाच्या केसांना घासायचा खडा) धरत नाही. वाजवायच्या आधी राळ, वाजवून झालं की स्क्रू फिरवून केस सैल.

कीबोर्ड किंवा व्हायोलिन आधी शिकवायची गरज नाही. तिला सेलो हवाय, तर सेलोच. पण तिच्या घरात जे आधीपासून आहे, ते मी तुम्हाला आवर्जून दाखवणार आहे.

सेलोला चार तारा असतात. जाडीकडून बारीककडे सी, जी, डी, ए. पेटीच्या हिशेबात सांगायचं तर पांढरी १, पांढरी ५, पांढरी २ आणि पांढरी ६. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमावर लागते. आता डी तारेला सा धरा, म्हणजे पांढरी २ पट्टी. मोकळी डी तार सा. पहिलं बोट (सेलोवर अंगठा मोजत नाहीत, तर्जनी पहिलं, करंगळी चौथं) ठेवलं की रे. तिसरं बोट शुद्ध ग, चौथं म. पुढची मोकळी ए तार प, पहिलं बोट ध, तिसरं नि, चौथं वरचा सा. पूर्ण सप्तक, हात जागचा न हलवता. तिसऱ्याऐवजी दुसरं बोट ठेवलं की कोमल ग आणि ए तारेवर कोमल नि. सेलोवर पहिल्या जागेत, म्हणजे हात पट्टीच्या वरच्या टोकाशी असताना, बोटं एकमेकांपासून अर्ध्या-अर्ध्या सुरावर बसतात म्हणून हे इतकं सरळ आहे. कोमल रे, कोमल ध आणि तीव्र म यांना हात पसरावा लागतो, ते पुढच्या वर्षी.

तिच्या बाबांना हे वाचून दाखवा, त्यांना लगेच कळेल. भूप घ्या : सा रे ग प ध. दोन मोकळ्या तारा, पहिलं बोट आणि तिसरं बोट, एवढ्यात मधल्या सप्तकाचा भूप होतो. खाली जी तारेवर पहिल्या बोटाने मंद्र प आणि तिसऱ्याने मंद्र ध मिळतो. चौथं बोट तयार झालं की दुर्गा : सा रे म प ध. गावच्या भजनांतल्या कितीतरी चाली पाच-सहा सुरांत फिरतात. गुरुदेव सेवा मंडळाचं काम तुमच्या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, राष्ट्रसंतांची भजनं (१९०९–१९६८ हा तुकडोजी महाराजांचा काळ) तिने जन्मापासून ऐकली असणार. त्यातल्या एखाद्या साध्या चालीचं धृवपद पहिल्या काही महिन्यांत ती बोटांवर आणू शकेल, आणि पांढरी २ ही पुरुषांच्या गाण्याला सोयीची पट्टी असल्याने बाबा सोबत गाऊ शकतील. इंग्रजी बालगीतांपासून सुरुवात करणारे शिक्षक असतील तर त्यांना अडवू नका, त्यांच्या क्रमाला अर्थ असतो. पण त्यांना सांगा की घरी पेटी आहे आणि मुलीला सरगम येते. चांगला शिक्षक याचा आनंदाने उपयोग करेल.

शिवाय हे वाद्य राग वाजवायला कमी पडत नाही. अमेरिकेच्या नॅन्सी लेश यांनी रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे धृपद शिकून ते सेलोवर वाजवलं. नेदरलँडच्या सास्किया राव-द हास यांनी तर जमिनीवर बसून वाजवता येईल असा, तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) तारा असलेला सेलो बनवून घेतला आणि त्या दिल्लीत राहून रागसंगीत वाजवतात. दोघींचं वादन मुलीला ऐकवा. त्यासोबत कासाल्सने वाजवलेले बाख या जर्मन संगीतकाराचे एकल सेलोचे सूट्सही (एक सूट म्हणजे अनेक छोट्या रचनांची माळ) लावा. त्या सहाही सूट्सचं पूर्ण ध्वनिमुद्रण त्यांनी १९३६ ते १९३९ या काळात केलं. रोज थोडं, स्वयंपाक करताना, अंगणात बसल्यावर. समजावून सांगायची गरज नाही.

जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी लहान मुलांना तंतुवाद्य शिकवण्याची जी पद्धत घडवली तिचा पायाच हा आहे : मूल भाषा ऐकून ऐकून बोलायला लागतं, तसं आधी भरपूर ऐकू दे, मग वाजवू दे, वाचणं नंतर. त्या पद्धतीत आई किंवा वडील प्रत्येक धड्याला मुलासोबत बसतात आणि घरी तेच करून घेतात. तुमच्याकडे शिक्षक लांब असल्याने हे आणखी गरजेचं आहे. धडा चालू असताना तुम्ही किंवा बाबा वही घेऊन बाजूला बसा. शिक्षक काय म्हणाले ते लिहा. घरच्या सरावात तेवढंच पाहा, जास्तीच्या सूचना देऊ नका.

सराव रोज, पण थोडा. ९ वर्षांच्या मुलीला सकाळी १० मिनिटं आणि संध्याकाळी १० मिनिटं पुष्कळ झाली. पहिले काही आठवडे गजही नसेल. बसणं, मोकळ्या तारा बोटाने छेडणं, पेन्सिल धरून गजाची पकड. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप पांढरी २ वर लावा आणि मोकळी डी तार त्याच्याशी मिळते का हे तिला ऐकायला शिकवा. सूर लावण्याचं मोफत ॲप मिळतं. ए तार २२० हर्ट्झ दाखवली पाहिजे. गज आल्यावर आवाज खरखरेल. गज दाबायचा नसतो, हाताचं वजन त्यावर सोडायचं असतं, आणि हे अंगात मुरायला महिने लागतात. त्या महिन्यांत घरातल्या कोणीही, आजी-आजोबांनीसुद्धा, आवाजावर बोलायचं नाही एवढा नियम करा. कुठेही दुखलं, अंगठा, खांदा, पाठ, तर त्या दिवशी थांबा आणि शिक्षकांना कळवा. दुखणं सहन करून वाजवण्यात काही भलं नाही.

तुमच्या उन्हाळ्याबद्दलची काळजी रास्त आहे. लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा पार कोरडी होते आणि नवतपात पारा ४५च्या पुढे जातो. लाकूड आकसतं, खुंट्या सैल होऊन तारा उतरतात, जोड उकलतात. पावसाळ्यात उलट, लाकूड फुगतं आणि खुंट्या घट्ट बसतात. सेलो टिनाच्या छपराखालच्या खोलीत ठेवू नका. तुमच्याकडे मातीच्या जाड भिंतींची जुनी खोली असेल तर तीच सर्वांत चांगली जागा. तिथलं तापमान फारसं हलत नाही. कुलरच्या झोतासमोर कधीच नको, कारण ओली हवा थेट लाकडावर येते आणि लाइट गेली की तासाभरात पुन्हा कोरडं. उन्हाळ्यात पिशवीच्या आत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवा, लाकडाला टेकू न देता. पावसाळ्यात तो काढून बुरशी येते का ते पाहा. उभ्या गाडीत, उन्हात, पाच मिनिटंही सोडू नका. सेलोचे जोड सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस उष्णतेने सुटतो. भिंतीला आणि जमिनीला टेकवून ठेवाल तर वाळवी लागेल, पाट किंवा फळीवर ठेवा. आणि पिशवी महिनोन् महिने बंद राहू देऊ नका, अंधारात बारीक किडे गजाचे केस खातात. रोज वाजणाऱ्या सेलोला यातला अर्धा त्रास होत नाही.

प्रवासात सेलो एसटीच्या टपावर किंवा डिकीत द्यायचा नाही. पिशवीसकट तो जवळजवळ तुमच्या मुलीएवढाच भरेल, म्हणून शक्यतो रेल्वेने, गर्दी नसलेल्या वेळी जा, आणि दोन्ही पायांमध्ये उभा धरून बसा.

लोकांच्या म्हणण्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवाल. पश्चिम बंगालच्या डोंगराळ भागात कालिम्पोंगला फादर एडवर्ड मॅग्वायर यांनी १९९३ साली गांधी आश्रम नावाची शाळा काढली. मजुरांची, गरीब कास्तकारांची मुलं तिथे येतात, आणि गणित-भाषेसोबत व्हायोलिन शिकतात. त्यातली काही पुढे वादक झाली. शिकवणारं माणूस पोचलं आणि वाद्य हातात आलं, की बाकीचं मुलांनी केलं. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात आणखी एखादं मूल तयार असेल तर त्याच्या आईबापांशी बोलून बघा. दोन घरं मिळून शिक्षकांना दोन महिन्यांतून एकदा हिंगणघाटला बोलावू शकतात. त्यांचं भाडं विभागलं जाईल आणि मुलीला सोबत मिळेल.

परीक्षांची घाई नको. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन्ही ब्रिटिश संस्थांच्या संगीताच्या श्रेणी परीक्षा भारतात होतात, आणि २०२०पासून व्हिडिओ पाठवूनही देता येतात, तेव्हा गावात राहून ते अडत नाही. पण पहिली दोन वर्षं प्रमाणपत्राशिवाय जाऊ द्या.

राहिले तिचे बाबा. ४१ हे सेलोसाठी उशिराचं वय नाही. मोठ्या माणसाची बोटं सावकाश वळतात, पण त्यांचा कान तयार आहे, पेटीमुळे सप्तक डोक्यात पक्कं आहे. मात्र एका सेलोवर दोघांचं भागणार नाही. तिचा त्यांना लहान, त्यांचा तिला मोठा. अर्ध्या सेलोवर ते तिला दाखवण्यापुरती सरगम वाजवू शकतील, रोजचा सराव मात्र करू नये, हात आखडेल. पहिलं वर्ष त्यांनी तिच्या धड्याला बसावं, पेटीवर सा धरून द्यावा, बोटांचा हिशेब वहीत उतरवावा. वर्षानंतरही मन टिकलं तर पूर्ण मापाचा सेलो स्वतःसाठी घ्यावा. पाच-सहा वर्षांत मुलगी तेवढी उंच झाली की तोच सेलो तिच्याकडे जाईल, आणि मोठ्या वाद्यावर खर्च करायचा तर तो तेव्हाच फळतो.

आता पहिला फोन. शिक्षकांना मुलीची उंची सेंटिमीटरमध्ये सांगा, ती १२७ होते. विचारा : ९ वर्षांच्या मुलांना याआधी शिकवलंय का, पहिले धडे प्रत्यक्ष घेता येतील का, कुठे आणि किती, अर्धा सेलो भाड्याने मिळेल का किंवा कोणाचा विकायचा आहे का, आलेला सेलो तुम्ही तपासून, घोडी बसवून द्याल का, पालकाने वर्गात बसलेलं चालतं का, आणि आठवडाभरातला एक व्हिडिओ पाहून उत्तर द्याल का. शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसरे शिक्षक शोधा. हे फोन आताच करा, म्हणजे थंडीत सुरुवात होईल आणि उन्हाळा लागेपर्यंत वाद्य कसं जपायचं हे तुमच्या हाताखालून गेलेलं असेल.